लाइटीची थरथर आणि काकूचा टॉवर

आमच्या घरात बायकांची डोकी दुखतात. आजीचं दुखायचं, आत्याचं दुखतं, माझं शाळेपासून दुखतंय, आणि काकू, जी लग्न होऊन या घरात आली, तिचं गेली काही वर्षं असं दुखतंय की त्यापायी तिने माणसांत जाणंच सोडलंय. आजीच्या वेळी कारण कुणी विचारत नसे. सुंठ उगाळायची, कपाळाला जाड लेप द्यायचा, माजघराचं दार ओढून पडून राहायचं आणि उठल्यावर परत चूल. काकूच्या वेळेला मात्र कारण सापडलं, आणि ते एवढं उंच, वाडीत कुठेही उभं राहिलं तरी दिसणारं होतं की त्यानंतर कुणी दुसरीकडे बघितलंच नाही. सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या उघड्या कातळमाळावर, उभा राहिलेला मोबाइलचा टॉवर.

वाडी दापोली तालुक्यातल्या केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातली, नाव लिहीत नाही, लिहिलं की माणसं लगेच ओळखू येतात. टॉवर यायच्या आधी आमच्याकडे रेंज म्हणजे सड्यावरची एक ठरावीक जागा होती, तिथे चढून जाऊन लोक मुंबईला फोन लावायचे आणि वाऱ्यात ओरडून बोलायचे. टॉवर आला तेव्हा सगळे खूश, काकूसुद्धा, कारण तिचा मुलगा मुंबईला आणि त्याच्याशी ओटीवर बसून बोलता यायला लागलं. मग वर्षा-दीड वर्षात तिचं सुरू झालं. आधी डोकं जड, मग कानात गुंईं असा आवाज, तळहाताला मुंग्या, रात्री दोन-तीनला जाग आणि मग उजाडेपर्यंत टक्क डोळे. "काय सांगू बाय तुला, डोक्यात भुंगा सोडल्यासारखा फिरतो," म्हणायची, "आणि दिवेलागणीनंतर जास्त. संध्याकाळी सगळे फोनवर असतात ना, टॉवरवर लोड येतो."

ह्या वाक्यातला पहिला भाग मी पुढे बऱ्याचदा आठवला. दिवेलागणीनंतर जास्त. पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी ऐकला तो दुसरा भाग.

तिने काय काय सोडलं ते सांगते, कारण हा भाग लोक धावता वाचतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठा हाच आहे. मोबाइल सोडला, तो चांदीच्या कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात. बचत गटाची मीटिंग सोडली, कारण तिथे प्रत्येकीच्या हातात फोन. देवळातलं सप्ताहाचं भजन सोडलं. मुंबईला मुलाकडे जाणं सोडलं कारण त्या बिल्डिंगीत प्रत्येक घरात वायफाय, नात झाली तेव्हा बारशाला गेली ती दुसऱ्या दिवशी परत. खाट टॉवरच्या बाजूच्या खोलीतून काढून माजघरात नेली, मग तिथून कोठीच्या खोलीत, जिथे खिडकीच नाही. जी बाई अख्ख्या वाडीचे डोहाळजेवणाचे मोदक वळायची ती कोठीत झोपायला लागली आणि आम्ही म्हणत राहिलो की टॉवरचा त्रास आहे, काय करणार.

वाडीत दोन प्रकारची माणसं भेटली तिला. एक हसणारी. पोरं मुद्दाम विचारायची, काकू, आता वायफाय बंद केलंय, बरं वाटतंय का? आणि ती हो म्हणाली की फुटायची हसू, कारण वायफाय चालूच असायचं. ह्याची मला अजून चीड आहे. दुसरी घाबरवणारी. कुणीतरी मोबाइलच्या मागे लावायचे स्टिकर विकून गेला, रेडिएशन शोषून घेतं म्हणाला, तिने पेन्शनीच्या पैशातून घरातल्या प्रत्येक फोनला घेतले. असल्या स्टिकरने आणि कव्हरने काही होत नाही, उलट अमेरिकेतल्या ग्राहक संरक्षण करणाऱ्या सरकारी आयोगाने लोकांना स्पष्ट सांगितलंय की सिग्नल अडवणाऱ्या वस्तूमुळे फोनला टॉवर गाठायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जास्त लहरी सोडतो. म्हणजे भीती विकायची आणि वर जे टाळायचंय तेच वाढवायचं.

मी रत्नागिरीत ऑफिसात काम करते, डॉक्टर नाही की इंजिनियर नाही. पण स्वतःला अर्धशिशी असल्यामुळे डोकेदुखीबद्दल जे मिळेल ते वाचायची सवय लागलीय, आणि काकूसाठी म्हणून हे सगळं नीट वाचलं. तर, काकूसारखी माणसं जगभर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००५ मध्ये ह्याच विषयावर एक माहितीपत्रक काढलं होतं, आणि त्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्यात ज्या लोक एकत्र वाचत नाहीत. एक, ह्या माणसांची लक्षणं खरी आहेत आणि काहींचं आयुष्य त्याने पार बिघडून जातं. दोन, ही लक्षणं विद्युतचुंबकीय लहरींमुळे होतात याला आधार सापडलेला नाही. मला वाटतं हसणाऱ्यांनी पहिली ओळ दहा वेळा वाचावी आणि घाबरवणाऱ्यांनी दुसरी.

दुसरी ओळ आली कुठून? तर प्रयोगांतून. ज्यांना त्रास होतो असं वाटतं त्यांना खोलीत बसवायचं, लहरी सोडणारं यंत्र ठेवायचं, ते कधी चालू असतं कधी बंद, आणि कधी काय हे बसणाऱ्यालाही माहीत नाही आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही माहीत नाही. असे ४६ प्रयोग, ११७५ माणसं, ह्यांचा एकत्र आढावा २०१० साली लंडनच्या जेम्स रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. चालू कधी आणि बंद कधी हे लहरींचा त्रास होणाऱ्यांना खात्रीने ओळखता आलं नाही, आणि लक्षणं मात्र बंद असतानाही आली, खरी आली, डोकी खरोखर दुखली. एसेक्स विद्यापीठात २००७ साली खास मोबाइल टॉवरच्या सिग्नलवर असाच प्रयोग झाला, तिथे आधी उघड सांगून सिग्नल सोडला तेव्हा त्रास झाला, आणि न सांगता सोडला तेव्हा चालू-बंदमध्ये तसा फरक राहिला नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकूसाठी वाईट वाटलं. कारण ह्याचा अर्थ लोक लगेच "मनाचे खेळ" असा काढतात, आणि आपल्याकडे मनाचं आहे म्हटलं की माणूस खोटा ठरला. पण तसं नाहीये ते. भीतीने अंग खरंच दुखतं. आपल्याला त्रास होणार अशी पक्की खात्री असली की शरीर तयारीला लागतं, मानेचे स्नायू आवळतात, छातीत धडधड वाढते, झोप उथळ होते, आणि त्या सगळ्याने डोकं दुखतंच. २०१३ साली जर्मनीचे मिखाएल विटहॉफ्ट आणि तेच रुबिन यांनी १४७ जणांवर प्रयोग केला, काहींना वायफाय घातक आहे असं सांगणारा टीव्हीवरचा माहितीपट दाखवला, काहींना दुसराच, आणि मग सगळ्यांना खोट्या वायफायसमोर बसवलं, म्हणजे सिग्नल काहीच नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी त्रास झाल्याचं सांगितलं, आणि मुळात चिंता करायचा स्वभाव असलेल्यांपैकी ज्यांनी तो माहितीपट बघितला होता त्यांचा त्रास वाढलेला होता. साधी, धडधाकट माणसं ती. मग काकूला, जिला रोज कुणी ना कुणी व्हॉट्सअॅपवर आलेलं वाचून दाखवतं की टॉवरमुळे चिमण्या मेल्या आणि आता माणसं मरणार, तिला त्रास झाला तर त्यात तिची काय चूक?

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ क्रेगावॉन म्हणून वस्ती आहे, तिथे २००९ मध्ये टॉवरमुळे पुरळ आणि डोकेदुखी होते म्हणून लोक पेटून उठले होते, आणि नंतर कंपनीने सांगितलं की मधले काही आठवडे टॉवर बंदच होता आणि तक्रारी तरीही येत होत्या. हा किस्सा लोक टाळी द्यायला सांगतात. मला त्यात ती पुरळ आलेली पोरं दिसतात. टॉवर बंद होता तर मग त्यांना झालं काय होतं, हे पुढे कुणी बघितलं का?

टॉवरबद्दल थोडं अजून. टॉवरचा अँटेना झोत सोडतो तो जवळजवळ आडवा, लांबवर, म्हणून पायथ्याशी राहणाऱ्याला सगळ्यात जास्त बसतो हे खरं नाही, आणि अंतर वाढलं की जोर भराभर उतरतो. आपल्या अंगाला जास्त लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या फोनमधून, आणि फोन जेवढी रेंज कमी तेवढा जोरात ओरडतो. म्हणजे टॉवर लांब हाकलला तर वाडीतल्या प्रत्येक फोनचा जोर वाढणार. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला एका चौरस मीटरला ०.४५ वॅट. कर्करोगाबद्दल लोक विचारतात, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली ह्या लहरींना "कदाचित कर्करोग होऊ शकेल" च्या गटात टाकलंय आणि संशोधन चालू आहे, तो प्रश्न वेगळा आहे, काकूच्या भुंग्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता माझं. माझ्या डोक्याचा शत्रू मला लहानपणीच सापडला होता, फक्त कुणाला पटत नव्हता. शाळेतून येताना एसटी समुद्राच्या कडेने यायची, एका बाजूला सुरूचं बन आणि माडांची रांग, आणि चार-साडेचारचं ऊन त्यातून आडवं आत. गाडीने वेग घेतला की ऊन-सावली-ऊन-सावली असं चेहऱ्यावर फटाफट यायला लागायचं आणि दोन मिनिटांत मळमळ, डाव्या डोळ्याच्या मागे खिळा, डोळे मिटले तरी पापणीतून लाल लुकलुक दिसायचीच. सगळे म्हणायचे गाडी लागते हिला. सकाळी त्याच रस्त्याने, त्याच गाडीतून जाताना का नाही लागायची मग? झाडांतून येणारं असं ऊन फिट येणाऱ्या काही माणसांनाही त्रास देतं, त्यांच्यात सेकंदाला तीन ते तीसच्या दरम्यानची लुकलुक धोक्याची असते, आणि डॉक्टर त्यांना सांगतात की डोळे नुसते मिटू नका, एक डोळा तळहाताने पूर्ण झाका. मला फिटचा आजार नाही, पण तळहाताची युक्ती मलाही लागू पडते, एसटीत लोक बघतात, बघू देत.

मग नोकरी लागली आणि ट्यूबलाइट आली. ऑफिसात रांगेने जुन्या ट्यूबा, तांब्याचा चोक, स्टार्टर. एखादी म्हातारी झालेली ट्यूब टोकाशी फडफडते ती सगळ्यांना दिसते, पण ज्या नीट चालतात त्याही फडफडत असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट, आणि प्रत्येक फेरीत प्रकाश दोनदा उजळतो, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही, एवढ्या वेगाने होणारं आपल्याला सलगच वाटतं, पण डोळ्याचा पडदा ते टिपतो आणि पुढे पाठवतो. इंग्लंडमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली हे एका ऑफिसात करून बघितलं, काही काळ जुन्या चोकचे दिवे, काही काळ हजारो हर्ट्झवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकचे, कर्मचाऱ्यांना कधी कुठले हे सांगितलं नाही. नव्या चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहूनही खाली आला. हेच विल्किन्स पुढे एसेक्स विद्यापीठात गेले, जिथे २००७ चा टॉवरचा प्रयोग झाला.

दोन्ही ठिकाणी पद्धत तीच, माणसाला न सांगता बघायचं. टॉवर त्या परीक्षेत निर्दोष सुटला. ट्यूबलाइट पकडली गेली. आणि आमच्या वाडीत मोर्चा निघाला तो टॉवरवर, ट्यूबलाइट देवळात, शाळेत, बँकेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात तशीच फडफडत राहिली, कारण ती कुणाला दिसतच नाही.

जुना पिवळा बल्ब ह्या बाबतीत गरीब होता. त्याची तार तापलेली असते, वीज क्षणभर कमी झाली तरी ती लगेच गार होत नाही, म्हणून उजेड फारसा हलत नाही. एलईडीला असं काही धरून ठेवता येत नाही, वीज आली की उजेड, गेली की अंधार, त्याच क्षणी. चांगल्या एलईडीत आत असा सरंजाम असतो की वीज सपाट होऊनच दिव्यापर्यंत पोचते. बाजारात पन्नास-साठ रुपयाला मिळणाऱ्या बऱ्याच बल्बात तो खर्च वाचवलेला असतो, किंवा असतो तो उष्णतेने लवकर म्हातारा होतो, आणि मग तो बल्ब जुन्या ट्यूबपेक्षाही जोरात थरथरतो. घरी बघायचं असेल तर फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर करा आणि बल्बाकडे धरा, काळे-पांढरे पट्टे किंवा लुकलुक दिसली की समजायचं. कॅमेराही नको, खराट्यातली एक हीर घ्या आणि बल्बाखाली जोरात हलवा. चांगल्या उजेडात हीर पंख्यासारखी सलग पसरलेली दिसते, थरथरत्या उजेडात एकेक हीर सुटी सुटी दिसते. मी आता कुठल्याही नव्या खोलीत गेले की हात हलवून बघते, सवयच झालीय.

आणि एक, मोबाइलने डोकं दुखतं म्हणणाऱ्यांपैकी काहींचं खरंही असू शकतं, पण वेगळ्या वाटेने. बऱ्याच नव्या फोनचे स्क्रीन ब्राइटनेस कमी करायला सेकंदाला काही शे वेळा चालू-बंद होतात, रात्री अंधारात कमी उजेडावर फोन बघणाऱ्याला ती लुकलुक छळू शकते. रेंजचा संबंध नाही, विमान मोडवर टाकला तरी दुखेल. पण आपण म्हणणार रेडिएशन.

काकूच्या घराकडे येते परत. तिच्या स्वयंपाकघरात असला स्वस्तातला बल्ब, ओटीवर आणि माजघरात चोकवाल्या जुन्या ट्यूबा. त्यात आमची वाडी लाइनीच्या अगदी शेवटाला. खाऱ्या हवेने तारांचे जोड खातात, पावसाळ्यात झाडाच्या फांद्या घासतात, कुणी आगरातला पंप चालू केला की अख्ख्या वाडीचा उजेड खाली बसतो आणि परत उठतो. हे एवढं रोजचं आहे की कुणी तक्रारही करत नाही. वायरमनला सांगितलं की तो म्हणतो व्होल्टेजच कमी आहे, वरूनच.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगडचं काय झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. काकूच्या आगरातल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब रस्त्यावर. वीज गेली ती कित्येक आठवडे, आणि रेंजही गेली. मी जमेल तशी तिकडे पोचले आणि राहिले. दिवसभर चिखल आणि झावळ्या उपसायच्या आणि रात्री कंदील. आणि काकू झोपायला लागली. नीट, रात्रभर. स्वतःच म्हणाली, "बघ, टॉवर मेला आणि माझं डोकं शांत झालं." मला तेव्हा वाद घालावासा वाटला नाही, घर उघडं पडलेलं असताना कुठे वाद घालणार.

पण टॉवर मेला तसा लवकर उठलाही. कंपनीची माणसं आली, डिझेलवरचा जनरेटर लावला, आणि आमच्या घरात अजून वीज नसताना वाडीत रेंज आली. पोरं गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून सड्याच्या बाजूला गर्दी करत होती. काकूला ते कुणी सांगितलं नाही, मुद्दाम नव्हे, तिच्याकडे फोन नव्हता आणि प्रत्येक जण आपापल्या छपराच्या मागे होता. ती तशीच शांत झोपत राहिली. मग घरात वीज आली, ट्यूब लागली, आणि त्या आठवड्यात भुंगा परत.

ह्याला मी पुरावा म्हणत नाही. त्या दिवसांत ती दमून झोपत होती, माणसं घरात होती, मुंबईचा मुलगा आला होता, मी होते, शेजारणी येऊन बसत होत्या, आणि वीज येईपर्यंत आम्ही सगळे परत निघालो होतो. टॉवर नाही एवढंच त्यातून फार तर म्हणता येईल. तो प्रकाश होता की एकटेपणा होता हे एका घरातल्या एका वादळावरून कसं सांगणार? पण निदान बघायला सुरुवात करता येत होती.

सांगितलं तेव्हा तिला राग आला. मी खूप जपून सांगितलं, गो काकू तुझं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला आहे ते, तरी तिच्या डोळ्यात पाणी आलं. एवढी वर्षं तिने ज्याच्याशी झुंज दिली तो शत्रू काढून घेतल्यासारखं झालं तिला, हे मला समजत होतं. दोन दिवस बोलली नाही. मग तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाली, "बदल तुझ्या त्या ट्यूबा, बघू." माजघरात आणि ओटीवर बऱ्या प्रतीच्या एलईडी पट्ट्या लावल्या, हीर हलवून तिच्यासमोर तपासून, स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. खर्च हजाराच्या आत. आणि मी तिला दापोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, जे आम्ही इतकी वर्षं केलं नव्हतं, कारण टॉवरला चष्म्याचं काय काम? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलेला निघाला, चष्म्याचा नंबर केव्हाचा बदललेला, आणि ब्लडप्रेशर वाढलेलं. मोतीबिंदू धरलेल्या डोळ्यात उजेड फाकतो, दिव्याभोवती कडं दिसतं, संध्याकाळी समोरचा दिवा टोचतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काकूने माझ्याकडे बघितलं. दिवेलागणीनंतर जास्त.

राग मला ह्याचा आहे. टॉवर हे उत्तर मिळाल्यावर सगळ्यांचे प्रश्न बंद झाले. हसणाऱ्यांचेही आणि सहानुभूती असणाऱ्यांचेही. टॉवर नाही म्हणणाऱ्याने "मग काही नाही" म्हटलं, टॉवर आहे म्हणणाऱ्याने "मग टॉवरच" म्हटलं, आणि मधल्या मध्ये एका बाईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत राहिला, ब्लडप्रेशर वाढत राहिलं आणि ती कोठीत झोपत राहिली. माणूस म्हणतो मला इथे त्रास होतो, तेव्हा त्याच्या "त्रास होतो" ला धरून राहावं आणि "कशाने" हे मोकळं ठेवावं, कधी होतो, कुठल्या खोलीत, कुठल्या वेळेला, हे विचारत राहावं, एवढं साधं आमच्यापैकी कुणी केलं नाही.

अमेरिकेत ग्रीन बँक नावाचं गाव आहे, १९५८ साली रेडिओ दुर्बिणींना शांतता मिळावी म्हणून त्याच्या आजूबाजूचा सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा टापू रेडिओ लहरी सोडण्यावर निर्बंध घालून शांत ठेवला, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौपट. तिथे काकूसारखी माणसं घरदार सोडून राहायला गेलीत. मला त्यांचा हेवा वाटत नाही, काळजी वाटते. आपल्याकडे अजून रेंज नसलेल्या वाड्या आहेत, २०२० मध्ये सिंधुदुर्गात मुलांनी ऑनलाइन शाळेसाठी डोंगरावर जाऊन अभ्यास केला, आणि त्या वाड्यांमधल्या बायकांचीही डोकी दुखतात.

उजेडाबद्दल मात्र आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी एकदा बसून बोलायला पाहिजे. एका पिढीत आपण कंदिलावरून इथे आलो. रात्री समुद्राकडे बघितलं तर एलईडीवाल्या बोटींचा झगमगाट दिसतो, केंद्राने २०१७ मध्येच त्या मासेमारीवर बंदी घातली तरी, आणि त्यावर आपले मच्छीमार माशांसाठी भांडतायत ते बरोबरच आहे. पण घरातल्या, शाळेतल्या उजेडावर कोण भांडणार? गणपतीत मूर्तीच्या मागे धावणाऱ्या माळा, विसर्जनाला डीजेच्या गाडीवर फटाफट मारणारे दिवे, त्यासमोर लहान पोरं नाचतात. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा मारला तेव्हा सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधी फिट आलेलीच नव्हती. आपल्या मंडळांना हे सांगितलं तर ऐकतील, मी सांगून बघितलंय, आमच्या वाडीच्या मंडळाने फटाफट मारणारा दिवा यंदा आणला नाही. शाळेतल्या चोकवाल्या ट्यूबा बदलायचं ग्रामपंचायतीत मांडलंय, मास्तर बाजूने आहेत.

काकूचं म्हणाल तर भुंगा कमी आहे, गेलेला नाही. झोप अजून तुटते. डॉक्टरांनी सांगितलं की झोपेचं आणि धास्तीचं वेगळं बघावं लागेल, त्यासाठी बोलून करायची उपचारपद्धती असते आणि लहरींची भीती बसलेल्या काही माणसांना तिचा उपयोग झालेला आहे, पण त्यासाठी जायचं म्हणजे रत्नागिरी नाहीतर मुंबई, आणि ती अजून तयार नाही. टॉवरबद्दल तिचं मत बदललेलं नाही, "तू म्हणतेस ते असेल, पण तोही काहीतरी करतच असणार" म्हणते आणि मी त्यावर भांडत नाही. कोठीतली खाट माजघरात परत आलीय. मोतीबिंदूचं ऑपरेशन पाऊस संपला की करायचं ठरलंय, त्यानंतर मुंबईला नातीकडे जायचं की नाही हे ती तेव्हाच ठरवणार आहे, आत्ता काही कबूल करत नाही.